येताना काम घेऊन या

रायपूर राजधानी झालं तेव्हा सगळ्यात आधी शहरातल्या पेंटर लोकांचे दिवस पालटले. काल ज्या बंगल्यात दातांचे डॉक्टर बसत होते, तिथे आज मत्स्यपालनाच्या संचालनालयाची पाटी. जिथे मुलींचं वसतिगृह होतं, तिथे उपसचिव. राज्य नवं, राजधानी नवी, खुर्च्या नव्या. जनता तेवढी जुनीच राहिली होती. तिचंही काहीतरी करायला हवं, हे कुणाच्या तरी लक्षात आलं असावं, कारण लवकरच भिंतींवर एक शब्द उगवला : जनभागीदारी. नाल्यात जनभागीदारी, दवाखान्यात जनभागीदारी, आणि सगळ्यात जास्त शाळेत, कारण शाळेच्या भिंतीला कुणी विचारत नाही.

बुढापाऱ्यातल्या आमच्या प्राथमिक शाळेच्या भिंतीवर तर त्या शब्दाखाली चित्रच काढलं. आई, वडील आणि शिक्षिका हातात हात घालून उगवत्या सूर्याकडे चालले आहेत, मध्ये एक गुटगुटीत मूल. आईची साडी परीटघडीची, वडिलांचा शर्ट पँटमध्ये खोचलेला. आमच्या गल्लीत राहणारी शकुन, जिची मुलगी दुलारी दुसरीत होती, डोक्यावर साड्यांचं गाठोडं घेऊन त्या चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली. मग तिने हेडबाईंना विचारलं, "ये मन काकर दाई-ददा ए, बहनजी?" हे कोणाचे आईबाप, एवढाच तिचा साधा प्रश्न होता.

"सरकारचे असतीन," हेडबाई म्हणाल्या.

या हेडबाई म्हणजे सिंधू घाटोळे. माहेर वर्धेकडचं, नवरा रेल्वेत, म्हणून रायपूरला आलेल्या. मराठी घरांत त्या 'घाटोळे बाई', पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, 'बहनजी', वरच्या कार्यालयात 'मैडम'. तिन्ही ठिकाणी त्या बोलायच्या मात्र एकच भाषा, वर्धेची. ज्याला ती समजत नसे त्याला तीच पुन्हा मोठ्या आवाजात ऐकवत. आणि आश्चर्य म्हणजे लोकांना समजे. बुटकी, रुंद मूर्ती; सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला, आणि साडीखाली पुरुषांचे कॅनव्हासचे बूट, कारण पायाला कुरुपं. हातात कायम क्रोशाची सुई. गेली कित्येक वर्षं त्या एकच टेबलक्लॉथ विणत होत्या. विणायच्या कमी, उसवायच्या जास्त. तो पूर्ण झालेला कुणी पाहिला नाही, आणि तो पूर्ण व्हावा अशी त्यांची इच्छा होती असंही मला वाटत नाही. हात रिकामा राहिला की त्यांना भीती वाटायची.

"हात कामात असला का माणूस खरं बोलते," असं त्या म्हणायच्या. "रिकाम्या हाताचा माणूस नुसता भाषण करते."

हे ऐकवताना त्या माझ्याकडे पाहत. मी त्यांच्याकडे चौथीपर्यंत शिकले होते, आणि माझे बाबा सिलतऱ्याच्या कारखान्यात कामाची पाळी संपली की गेटवर पत्रकं वाटण्याची दुसरी पाळी करत. आमच्या घरात देवाच्या कॅलेंडरपेक्षा पत्रकं जास्त होती. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. त्यामुळे बाईंच्या लेखी मी जन्मतःच रिकाम्या हाताच्या जमातीतली होते.

बाईंची आणखी एक खोड अशी की त्या कोणत्याही मोठ्या माणसाला त्याच्या नावाने हाक मारत नसत. शकुन म्हणजे 'दुलारीची माय'. सिलतऱ्याच्या भट्टीवर रात्रपाळी करणारा परसराम म्हणजे 'संतोषचा बाप'. सदर बाजारातला एक सराफ, ज्याचा मुलगा कधीकाळी त्यांच्या हाताखालून गेला होता, केस पिकले तरी 'गोलूचे पप्पा'च राहिला, आणि गिऱ्हाइकांसमोर ही हाक ऐकून तो निमूटपणे शाळेच्या घागरीसाठी नवं झाकण देई. बाईंच्या मते माणसाची ओळख एकच : तो कोणाचा बाप आहे. बाकी सगळं पाट्या रंगवणाऱ्यांचं काम.

जनभागीदारीचा हुकूम आला तेव्हा पहिली पालक-सभा रीतसर भरली. नोटीस निघाली, 'समस्त पालक अनिवार्य रूप से उपस्थित रहें'. सतरंजी आली, माईक आला, समोसे आले. पालक म्हणाल तर एक म्हातारे आजोबा आले, ज्यांना ऐकू येत नव्हतं, आणि त्यांनाही सभा रेशनची वाटली होती. ते समोसा खाऊन गेले. आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे संकुल समन्वयक म्हणून एक गृहस्थ होते, त्यांनी मान हलवून निष्कर्ष काढला, "ये लोग जागरूक नहीं हैं, मैडम. इनको बच्चों से मतलब ही नहीं."

आमच्या देशात हा शोध दर वर्षी नव्याने लागतो. गरिबाला पोराची काळजी नाही, हे दुपारी बारा वाजता, मजुरीच्या वेळेला सभा ठेवली की आपोआप सिद्ध होतं.

दुसऱ्या दिवशी बाई शकुनच्या दारात उभ्या. शकुन सदर बाजारातल्या कापडाच्या दुकानांसाठी साड्यांना फॉल लावायची. घर म्हणजे एक खोली, आणि खोलीभर दुसऱ्यांच्या साड्या.

"काहून वं दुलारीची माय, काल आली काहून नाही?"

"आतेंव बहनजी, फेर फॉल ला कोन लगातिस?"

म्हणजे, आले असते हो, पण फॉल कोणी लावला असता? बाईंनी क्षणभर विचार केला. मग म्हणाल्या, "मंग घेऊन ये न शाळेत. व्हरांडा हाय. सावली हाय. पंखा बी हाय, कधी कधी फिरते."

घाटोळे बाईंची सगळी शिक्षणपद्धती एवढीच. तिच्यावर कुणी पुस्तक लिहिलं नाही हे ठीकच झालं. आधीच पुस्तकं कमी आहेत का!

शनिवारपासून शाळेच्या व्हरांड्यात शकुन फॉल लावत बसू लागली. तिला पाहून लसूण सोलणाऱ्या दोघी आल्या. मग चिंचेतून चिंचोके काढणारी आली, हार गुंफणारी आली. परसराम रात्रपाळी उरकून, काळ्या भुकटीने माखलेल्या पापण्यांसह यायचा, मुलाच्या वर्गासमोर पथारी टाकायचा आणि झोपायचा. आधी बाकीच्यांना हे विचित्र वाटलं. बाई म्हणाल्या, "झोपू द्या. त्याचं कामच हाय आता झोपणं. पोरगा खिडकीतून बापाले पाहते, तेवढं पुरे." आणि खरंच, जो संतोष आधी दुसऱ्या तासाला भिंतीवरून पळायचा, तो शनिवारी तरी पळेनासा झाला, कारण पळायचं म्हणजे झोपलेल्या बापाला ओलांडून जावं लागे.

बाई या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत जायच्या. शकुनच्या साडीचं दुसरं टोक धरायच्या, लसूणवाल्यांच्या पाटीतल्या चार पाकळ्या सोलायच्या आणि दोन निर्लज्जपणे आपल्या पिशवीत टाकायच्या. बोलायच्या पोरांबद्दल, पण सरळ कधीच नाही. भाव, सासू, नळाचं पाणी असं फिरत फिरत यायचं. असंच एकदा फॉल लावता लावता शकुन बोलून गेली की सोमवारी तिला सदर बाजारात माल पोचवायला जावं लागतं, आणि तान्ह्याला दुलारी सांभाळते. दुलारीच्या सोमवारच्या गैरहजेरीवर वर्गशिक्षिकेने तोवर पुष्कळ उपदेश खर्ची घातला होता. बाईंनी उपदेश केला नाही. पुढच्या सोमवारी दुसरीच्या वर्गात, फळ्याच्या बाजूच्या हुकाला, जुन्या साडीची झोळी टांगली. तान्हा झोळीत, दुलारी बाकावर. दुसरीचा वर्ग शांत बसायला शिकला तो त्या वर्षी. बाळ उठलं की पाढे बंद पडतात आणि उठवणाऱ्याला झोळी हलवत बसावं लागतं, हा नियम मुलांनीच केला होता.

बाई साध्वी होत्या असं मात्र कुणी समजू नये. चूक कबूल करणं हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. गुटखा खाऊन व्हरांड्यात थुंकणाऱ्या एका बापाकडून त्यांनी अख्खी भिंत चुन्याने रंगवून घेतली आणि वर 'चुना तू आणलास का मी?' म्हणून त्याच्याशी भांडल्या. शेजारच्या गल्लीत इंग्रजी शाळा निघाली तेव्हा तिच्या दारात उभ्या राहून येणाऱ्या प्रत्येक आईला विचारत, "तुले आत येऊ देतात का वं? का गेटवरूनच टाटा?" याला आजकाल स्पर्धा म्हणतात, तेव्हा दादागिरी म्हणत.

वर त्यांना एका प्रशिक्षणालाही पाठवलं. विषय होता समुदायाशी नातं कसं जोडावं, आणि तो शिकवायची जागा अर्थातच समुदायापासून लांब, थंडगार हॉटेलात. दिल्लीहून आलेल्या प्रशिक्षक पोराने सगळ्या हेडबाई-हेडमास्तरांना गोल उभं केलं आणि लोकरीचा गुंडा एकमेकांकडे फेकायला लावला. जाळं तयार झालं. पोरगा भारावून म्हणाला, "देखिए, यही है समुदाय!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण त्या ते जाळं सगळ्यांच्या बोटांतून सोडवून पुन्हा गुंड्यावर गुंडाळत होत्या. चांगली लोकर होती, वाया जाईल म्हणून घरी घेऊन आल्या. निघताना त्यांनी त्या पोराला विचारलं, "बेटा, तुझ्या घराच्या बाजूले कोण राहते?" त्याला सांगता आलं नाही. नवीनच फ्लॅट घेतला होता म्हणे.

मग ती बातमी आली. कमी मुलांच्या शाळा मोठ्या शाळांत विलीन करणार. या कामाचं सरकारी नाव 'युक्तियुक्तकरण'. हा शब्द उच्चारून होईपर्यंत शाळा बंद झालेली असते. आमची शाळा जायची होती मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत. पलीकडची शाळा वाईट नव्हती; दुमजली, ताजा रंग, लोखंडी गेट. वाईट होता तो मधला रस्ता. राजधानी झाल्यापासून त्याच्यावरून ट्रक, बस आणि लाल दिव्याच्या गाड्या अशा धावत होत्या की मोठी माणसंही पलीकडे जाताना देवाचं नाव घेत. दुलारीने तो रोज ओलांडायचा. तिच्यापेक्षा लहान पहिलीच्या मुलांनीही.

वाचायचा एकच रस्ता होता. आदेशात लिहिलं होतं की जिथे समुदायाचा सक्रिय सहभाग आढळेल, त्या शाळेचा वेगळा विचार करू. सहभाग आढळतो की नाही हे पाहायला नोडल अधिकारी येणार. सगळे त्यांना 'नोडल साहेब' म्हणत. नोडल हे त्यांचं आडनाव आहे असं पोरांना पुष्कळ दिवस वाटत होतं. साहेब आधी एकदा ओझरते येऊन गेले होते. त्या भेटीत बाईंनी त्यांना पाणी देता देता विचारलं होतं, "साहेब, तुमचं लेकरू कोन्या शाळेत हाय?"

"ऋषभ? वो तो... प्राइवेट में है."

"तिथल्या सभेले जाता?"

"मिसेस जाती हैं. मुझे टाइम कहां."

"म्हणजे तुमी बी जागरूक नाही," बाई अगदी प्रेमाने म्हणाल्या, आणि त्या क्षणापासून राज्य शासनाचे नोडल अधिकारी 'ऋषभचे पप्पा' झाले.

मी अर्थातच पत्रक लिहिलं. हिंदीत, लाल अक्षरांत, वर मूठ. पहिलंच वाक्य होतं की जनसमुदायाने आता जागं व्हावं. मेथी निवडता निवडता बाईंनी ते चष्म्याच्या वरून वाचलं.

"हा जनसमुदाय कोन्या पाऱ्यात राहते?"

"म्हणजे बाई, आपले लोक..."

"पत्ता दे. मी भेटून येतो त्याले." पुन्हा वाचलं. "याच्यात दुलारीची माय कुठं हाय? संतोषचा बाप? रस्ता कुठं हाय? तुह्या कागदावर एक बी पोट्टं रस्ता ओलांडून नाही राहिलं वं."

मी पत्रक पुन्हा लिहिलं. रस्ता घातला. मूठ तशीच ठेवली. काही तत्त्वं असतात माणसाला.

त्या आठवड्यात बाईंचा टेबलक्लॉथ जागचा हलला नाही. सुई हातात असायची, पण विणत नसत, उसवतही नसत. घरोघर जाऊन एवढंच सांगत होत्या, "शनिवारी या. ऋषभचे पप्पा येऊन राहिले. त्यांना आपली शाळा दिसली पाहिजे." शकुनने विचारलं, कसं यायचं? नवी साडी नेसून? बाई म्हणाल्या, "नेहमीसारखं. येताना काम घेऊन या."

शनिवारी समन्वयकांनी सकाळीच हॉलचा ताबा घेतला. हॉल म्हणजे तिसरी-चौथीची खोली, भिंत हलवता येत नसल्यामुळे तिला हॉल म्हणत. बाक बाहेर, भाड्याच्या लाल खुर्च्या आत. बॅनर. पाण्याच्या बाटल्या. पालक व्हरांड्यात जमले होते आणि साहेब आले की बाई आत बोलावतील म्हणून नेहमीप्रमाणे आपापल्या कामाला लागले होते. त्या दिवशी एरवीपेक्षा जास्त लोक आले होते. एक जण तर मुरमुऱ्याची पोती घेऊन आला होता, कारण दुकानाचा दिवस बुडवणं परवडत नव्हतं.

समन्वयकांनी बाईंना झेंडूचा हार देऊन गल्लीच्या तोंडाशी उभं केलं. गल्ली अरुंद, साहेबांची गाडी आत येणार नाही, तेव्हा हेडबाईंनी तिथून साहेबांना सन्मानाने चालवत आणायचं, असं ठरलं. मी बाईंच्या शेजारी पत्रकांचा गठ्ठा घेऊन उभी होते. आम्ही दोघी रस्त्याकडे डोळे लावून होतो, आणि साहेब आले दुसऱ्या बाजूने. शाळेमागच्या बुढा तलावाच्या काठी नवे दिवे लावले होते, ते पाहत पाहत, पायी. राजधानीतल्या माणसाला सौंदर्यदृष्टी असतेच.

पुढचं मला शकुनने आणि पोषण आहार शिजवणाऱ्या काकूंनी नंतर सांगितलं. साहेब मागच्या फाटकाने आत आले आणि त्यांनी व्हरांडा पाहिला. लसणाची सालं, साड्यांचे ढीग, चिंचोके, मुरमुरे, आणि मधोमध तोंड उघडं टाकून झोपलेला परसराम.

"ये क्या सब्जी मंडी लगा रखी है?" साहेब म्हणाले.

समन्वयकांना घाम फुटला. ते दर शनिवारी शाळेवर येत नसत, त्यामुळे त्यांना हे लोक कोण ते ठाऊक नव्हतं. आणि साहेब समोर असताना अशा लोकांना विचारण्याची पद्धत नव्हती. त्यांनी टाळ्या वाजवल्या. "चलो, चलो अम्मा, उठाओ सामान! रास्ता खाली करो. पालक आने वाले हैं!"

काकू स्वयंपाकघरातून धावत बाहेर येईपर्यंत व्हरांडा रिकामा झाला होता. शकुनने साड्या बांधल्या, लसूणवाल्यांनी पाट्या उचलल्या, परसरामला हलवून जागं केलं. हे सगळे लोक आयुष्यभर कुठून ना कुठून उठवले गेलेले. फुटपाथवरून, दुकानाच्या पायरीवरून, दवाखान्याच्या बाकावरून. हटण्यात त्यांच्याइतका अनुभवी वर्ग या देशात दुसरा नसेल. ते इतके चटकन आणि नीट उठले की मागे फक्त लसणाची सालं उरली.

आम्ही पोचलो तेव्हा साहेब लाल खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत एकटेच बसले होते आणि घड्याळ पाहत होते.

"मैडम, एक भी पालक नहीं आया."

बाईंनी हॉलकडे पाहिलं. मग व्हरांड्याकडे. मग खाली सालांकडे. त्यांच्या हातातला हार तसाच होता.

"इथले लोक कुठं गेले?"

"वो सब्जीवाले?" समन्वयक उत्साहाने म्हणाले. "हटवा दिया, मैडम. सब साफ."

बाईंचा आवाज मी अनेक तऱ्हांनी ऐकला आहे, पण तितका हळू कधीच नाही. "ऋषभचे पप्पा," त्या म्हणाल्या, "तुमी सभा हाकलून देली."

साहेबांना समजलं नाही. म्हणून बाईंनी नेहमीप्रमाणे तेच पुन्हा मोठ्याने सांगितलं. मग त्या कॅनव्हासच्या बुटांत तलावाकडे धावल्या. त्यांना धावताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. सगळे तिथे होते, तलावाच्या कठड्याला टेकून, झाडाखाली. शकुन फॉल लावत होती. बोलावणं येईल म्हणून थांबले होते.

"अव, उठून काहून आले तुमी? सांगाचं नाही का, आमीच हाओ म्हणून?" बाई ओरडल्या.

शकुन गोंधळून उभी राहिली. "हमन सोचेन बहनजी... कोनो बड़े-बड़े पालक आवत होही."

आम्हाला वाटलं बाई, कोणी मोठे-मोठे पालक येत असतील. भिंतीवरच्या चित्रातले, ते चित्र तिच्यासमोर उभं होतं बहुतेक.

सगळे धावत परत आले, साड्या आणि पाट्यांसकट. तोवर साहेब पुढच्या शाळेत सहभाग पाहायला निघून गेले होते. समन्वयकांनी काकूंना, शिपायाला आणि सगळ्यांत आधी परत पोचलेल्या त्या मुरमुरेवाल्याला लाल खुर्च्यांवर बसवून फोटो घेतला होता. फोटोत तिघं होते, पण कोन असा साधला होता की सभा भरलेली वाटावी. तरीही साहेब प्रामाणिक निघाले. अहवालात त्यांनी स्पष्ट लिहिलं : समुदाय की सहभागिता शून्य.

त्यानंतर मंडळी साहेबांच्या कार्यालयात गेली. काम घेऊनच गेली. आता रिकाम्या हाताने कुठे जायची सवयच मोडली होती. गेटवरच्या माणसाने विचारलं, "किस संगठन से हो?" शकुन म्हणाली, दुलारीची आई. अशा नावाची संघटना नोंदलेली नव्हती. बऱ्याच वेळाने साहेब बाहेर आले आणि त्यांनी शांतपणे समजावलं की शाळेची एवढीच काळजी असती तर आपण सभेला आला असता. यावर परसराम हसला. भट्टीवरचा माणूस, तो फार क्वचित हसे. साहेबांना ते उद्धट वाटलं.

शाळा विलीन झाली. जुन्या इमारतीत काही दिवस कुलूप आणि मग कसलंसं कार्यालय आलं. पेंटर पुन्हा आला. भिंतीवरचं चित्र मात्र तसंच ठेवलं, कारण रंग चांगला होता. बाईंनी निवृत्तीपर्यंतचे उरलेले महिने मोठ्या रस्त्यावर काढले. अक्षरशः रस्त्यावर. सकाळी आणि दुपारी, क्रोशाची सुई ट्रकवाल्यांच्या दिशेने रोखून, त्या पोरांची रांग ओलांडवत. एका लाल दिव्याच्या गाडीला त्यांनी थांबवलं तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "मैडम, अंदर साहब हैं." बाई म्हणाल्या, "हव, आन् इथं पोट्टे हायेत." नव्या शाळेत त्यांना वर्ग मिळाला नाही, स्टाफरूममध्ये खुर्ची मिळाली. त्या खुर्चीवर कुणी त्यांना बसलेलं पाहिल्याचं ऐकिवात नाही.

निवृत्तीनंतर त्या दिसेनाशा झाल्या. मी माझ्या पत्रकांत गुंतले. राजधानीत विषयांना तोटा नसतो. मग एका शनिवारी मी त्या मोठ्या शाळेवरून जात होते. गेटवर दोन पाट्या होत्या. एकीवर 'विद्यालय आपका अपना है'. तिच्या खाली, 'बिना अनुमति प्रवेश वर्जित'. आणि गेटच्या बाजूला, कडुनिंबाखाली, फुटपाथवर व्हरांडा भरला होता.

शकुन होती. लसूणवाल्या होत्या. चार-सहा नवे चेहरे होते, रस्त्यापलीकडच्या वस्तीतले. एक जण पथारी टाकून झोपला होता, तो परसराम असावा. तोंडावर गमछा होता. मधोमध गोणपाटावर घाटोळे बाई, मोतीबिंदूनंतरचा जाड चष्मा, तेच बूट, शकुनच्या साडीचं दुसरं टोक धरून. शाळा सुटायची वाट पाहत होते सगळे. पोरांना रस्ता ओलांडवायला रोज येतात, हे मला मागाहून कळलं. आणि यायचंच तर काम घेऊन.

गेट उघडून चौकीदार बाहेर आला. नवीन गणवेश, हातात काठी.

"चलो अम्मा, चलो, उठाओ ये सब. रास्ता खाली करो. आज मीटिंग है, पालक आने वाले हैं."

मी थांबले. माझ्या पिशवीत पत्रकं होती, डोक्यात निदान तीन वाक्यं तयार होती, तिन्हींना उद्गारचिन्ह. मी बाईंकडे पाहिलं. आता बाई बोलतील, तेच पुन्हा मोठ्याने सांगतील, असं वाटलं. त्यांनी हातातलं टोक जरा ताणून धरलं, एवढंच.

शकुनने मान वर केली नाही. टाका घातला, दोरा ओढला.

"पालक त हमन हन, भैया," ती म्हणाली.

चौकीदार काठी घेऊन तसाच उभा राहिला. एकही जण उठला नाही. बाई पुढे वाकल्या, शकुनच्या टाक्याजवळ तोंड नेलं आणि दातांनी दोरा तोडला.